अळणी शनिवार

हॉटेलातले सगळे त्यांना मामा म्हणत. खरं तर ते मामा फक्त ताईच्या दोन मुलींचे. पण वाढपी, भांडी घासणारी बाई, सिलिंडर आणून टाकणारा, सगळ्यांनीच हे नातं उचललं होतं. मामा मात्र या सगळ्यांना मनातल्या मनात गाढव म्हणत. गिऱ्हाइकांना तर ते गाढवाचाही मान देत नसत.

गिऱ्हाइकं त्यांनी पाहिलीच नव्हती म्हणा. स्वयंपाकघर आणि बाहेरचा हॉल यांच्यामध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक खिडकी. भरल्या ताटल्या खिडकीतून बाहेर जात, खरकट्या आत येत. धंद्याच्या वेळी मामा हॉलमध्ये पाऊल टाकत नसत. ही त्यांच्या वडिलांची शिस्त. गिऱ्हाईक तोंडावर गोड बोलतं, खरं काय ते ताटलीत बघावं, असं म्हणत वडिलांनी चुलीपुढे जन्म काढला आणि मुलालाही तेच शिकवलं. ताटली परत आली की मामा ती दिव्याखाली धरत. कडेला सारलेला कांदा, चावून टाकलेला पाव, कालवणात विझवलेली सिगारेट, एवढ्यावर त्यांना माणूस कळे.

"हा बायकोला भितो," ते म्हणत. "आणि हिला भूकच नव्हती. नवीन अंगठी दाखवायला आली होती."

खरं असो वा खोटं, भांडी घासणारी बाई हसे. मामा हसत नसत.

वडिलांनी जाताना हॉटेल थोरल्या लेकीच्या, म्हणजे ताईच्या नावावर केलं, आणि स्वयंपाकघर मामांच्या हवाली केलं. पण ते नुसतं तोंडी. मामांनी लग्न केलं नाही. बायको आली की तिच्या हातचं खावं लागेल, हे त्यांचं कारण. ताई गल्ल्यावर बसायची, मामा चुलीपुढे उभे राहायचे, आणि हॉल पडला दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या वाट्याला.

दाजी पूर्वी सिनेमाच्या तिकीटखिडकीवर होते. लोकांनी नुसतं बसून जेवावं हे त्यांना बघवतच नसे. "मेहुणेबुवा, माणूस घरीही जेवतो. इथं त्याला काहीतरी बघायला नको का?" असं म्हणून त्यांनी आधी काचेची पेटी आणली आणि तिच्यात रंगीत मासे सोडले. गिऱ्हाईक तळलेला मासा खाता खाता पोहणाऱ्या माशाकडे बोट दाखवू लागलं. मग आला तंबोला. दाजी माईकवर आकडे ओरडणार आणि लोक उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हातात चमचा धरून बसणार. त्या दिवसांत ताटल्या अर्ध्या भरलेल्या परत येत. एकदा तर सुपातून पेन्सिल निघाली. मामांनी ती चिमट्यात धरून ताईसमोर नाचवली.

"बघ. तुझ्या नवऱ्यानं नवीन भाजी शोधून काढलीय."

"अरे, हळू बोल. ऐकतील ते."

"ऐकू देत की! माईक काय त्यांनाच आहे?"

तंबोला बंद झाला, पण दाजी गप्प बसणारे नव्हते. त्यांनी गाण्याचं यंत्र आणलं. त्यातून वाजंत्री वाजे, पडद्यावर शब्द उमटत आणि गिऱ्हाइकं स्वतः गात. भिंतीमुळे मामांना तोंडं दिसत नसत, पण गळे ऐकू येत. दुकानात दिवसभर खाली मान घालून बसणारी माणसं इथं येऊन असा काही टाहो फोडत की मामा कोंबडी कापतानाही मान दुसरीकडे वळवत. सगळ्यात झोंबलं ते निराळंच. ताटल्या आता साफ परत येऊ लागल्या. गाणाऱ्याला टाळ्या देता देता लोक समोर येईल ते पोटात ढकलत आणि आणखी मागवत.

"पाहिलंत?" दाजी खिडकीत डोकं घालून म्हणाले. अंगात चमकीचा कोट, कपाळावर घाम. "तुम्ही म्हणत होता ना, लोक खात नाहीत म्हणून?"

"म्हशीही खातात," मामा म्हणाले.

"पण त्या पुन्हा येत नाहीत!" असं म्हणून दाजी स्वतःच हसले. स्वतःच्या विनोदाला आधी हसायचं, मग लोकांनी हसायचं, असा त्यांचा रिवाज होता.

पाण्याला उकळी फुटली ती यानंतर. दाजींना आता हॉलमध्ये चेंडू घरंगळवून बाटल्या पाडायचा लांब पट्टा घालायचा होता. एका टोकाला जेवणाची टेबलं, दुसऱ्या टोकाला बाटल्या. पण हॉल आखूड पडत होता. म्हणून मधली भिंत पाडायची, अर्धं स्वयंपाकघर पट्ट्यात घ्यायचं, आणि उरलेल्या अर्ध्यात तयार जेवणाच्या पिशव्या नुसत्या गरम करायच्या. नमुन्याची एक पिशवी दाजींनी आणूनही ठेवली होती. मामांनी ती बोटानं दाबली. आतलं काहीतरी सरकलं. मामांनी हात धुतला.

ताईचं मन ठरेना. भिंत वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली; नवरा कानाशी लागलेला. शेवटी ती म्हणाली, "शनिवारचा कार्यक्रम होऊ दे. सोमवारी गवंडी येतोय. तोपर्यंत मला पटलं तर पाडू, नाही तर नाही."

मामांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. ताटल्या भरलेल्या आल्या असत्या तर गोष्ट सोपी होती. साफ आलेल्या ताटलीपुढे काय बोलायचं? मग त्यांना सुचलं, आणि सुचलं तेव्हा ते कित्येक दिवसांनी हसले. ही माणसं खातात, पण काय खातात ते त्यांना ठाऊक नसतं. गाण्याच्या गोंगाटात त्यांच्या जिभा बहिऱ्या झाल्यात. हेच ताईच्या पदरात घालायचं.

शनिवारी त्यांनी कोंबडीचं कालवण नेहमीसारखंच केलं. कांदा तसाच लाल, मसाला तसाच बारीक. फक्त मीठ घातलं नाही. चिमूटभरही नाही. हात दोनदा बरणीकडे गेला, दोनदा त्यांनी तो मागे घेतला. जन्मात पहिल्यांदा ते अळणी कालवण खिडकीतून बाहेर पाठवत होते.

बाहेर यंत्र सुरू झालं. दाजींचा आवाज, हशा, कुणाचा तरी भसाडा गळा, पुन्हा हशा. उंट खरकट्या ताटल्या आणू लागला. उंट म्हणजे तिथला सगळ्यात उंच वाढपी. मामांनी पहिली ताटली दिव्याखाली धरली. साफ. दुसरी साफ. तिसरी तर पावानं पुसलेली.

"कुणी काही म्हणालं?" मामांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. जा, ताईला पाठव."

ताई गल्ला उंटावर सोपवून आली. मामांनी तिच्या हातात चमचा दिला. तिनं कालवण तोंडात घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"अगं बाई! मीठ विसरलास?"

"विसरेन कसा? मुद्दाम घातलं नाही." मामांनी ताटल्यांच्या चळतीवर थाप मारली. "हे बघ. अख्खा हॉल अळणी जेवला. एकाच्या बापालाही कळलं नाही! गवत उकडून दिलं तरी खातील आणि वर गाणं म्हणतील. दाजींनी या लोकांचं काय करून ठेवलंय ते बघ."

ताईनं ताटल्यांकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग भल्या मोठ्या चुलीकडे. ती हळवी होती, पण गल्ल्यावर बसून तिचे केस पिकले होते.

"म्हणजे खरंच कुणाला कळलं नाही?"

"कुणालाही नाही!"

"मग एवढं मोठं स्वयंपाकघर आपल्याला कशाला हवंय रे?" ताई म्हणाली.

मामांनी चळतीवरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात खिडकीत चमकीचा कोट दिसला. दाजींच्या एका हातात माईक, दुसऱ्यात ताटली. ताटलीत कालवण जसंच्या तसं. फक्त एका घासाची जागा रिकामी.

"मेहुणेबुवा," ते माईक पाठीमागे धरून दबक्या आवाजात म्हणाले, "मीठ राहिलंय. पण घाबरू नका, निभावलंय मी. पहिल्याच घासाला कळलं मला. म्हटलं, भिंतीचं ऐकून यांचा जीव थाऱ्यावर नसेल, होतं असं. तीन-चार टेबलं कुरकुरायला लागली होती. मग मी जाहीर केलं, जो ताटली आधी साफ करील तो आधी गाणार. चाटून खाल्लं हो लोकांनी! तुमच्यावर बोट येऊ दिलं नाही." मग त्यांना बायको दिसली. "तू इथं? गल्ल्यावर कोण आहे?"

मामांना वाटलं, आता ताईला सांगावं की बाई, कळलं होतं लोकांना, टेबलं कुरकुरली होती, हेच म्हणाले ना आत्ता. पण तसं म्हणायचं तर ज्यांना म्हशी म्हटलं त्यांच्या जिभेचा दाखला द्यायचा, आणि तोही या चमकीच्या कोटाच्या तोंडून. त्यापेक्षा भिंत पडलेली बरी. मामांनी दाजींच्या हातातली ताटली घेतली, तिच्यात मीठ घातलं, गरम करून परत दिली आणि पाठ फिरवली.

सोमवारी गवंडी आला.

आता मोठी चूल होती तिथं बाटल्या उभ्या असतात. चेंडू घडघडत येतो, बाटल्या कोसळतात, माणसं किंचाळतात, आणि कोपऱ्यात एका गॅसपाशी मामा पिशव्या उकळत्या पाण्यात सोडतात. मधे आता भिंत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकं त्यांना समोरच दिसतात. ताटल्यांवरून बांधलेला अंदाज फारसा चुकला नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

ती पिशवी दाजी तोंडाला लावत नाहीत. "मला नाही जमत बुवा ते," म्हणतात. म्हणून मामा संध्याकाळी एका माणसापुरतं कालवण करतात. परत आलेल्या ढिगातून दाजींची ताटली ते आधी काढतात आणि दिव्याखाली धरतात. ती पुसल्यासारखी साफ असते.

"हावरट," मामा म्हणतात, आणि ती ताटली भांडी घासणाऱ्या बाईकडे न देता स्वतः विसळतात.