केळीच्या गोदामाचे सील

नोकरीतले बरेच काही विसरलो, पण पिकत्या केळ्यांचा वास आला की ते प्रकरण अजूनही जसेच्या तसे उभे राहते.

तेव्हा मी अर्धापूर भागात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. एक बाई आल्या. पतीच्या मागे केळी पिकवण्याचे गोदाम त्या एकट्या चालवत होत्या. आदल्या दिवशी एका माणसाने त्याला सील लावले होते. आत दोन ट्रक माल होता.

"बँकेनं आमचं कर्ज कुण्या कंपनीला इकलं म्हणं. त्यो कंपनीचा साहेब. आता म्हणून राहिला, रोख द्या, लगेच कुलूप काढतो."

"मग काल अडवले का नाही?"

"कसं अडवावं? तुमचेच दोन पोलीस हुबे होते की संगं!"

इस्त्रीचे कपडे, इंग्रजी कागद आणि त्यातला जप्तीचा आदेश पाहून तो बंदोबस्त मीच मंजूर केला होता. पुढे कळले, त्या सगळ्या कागदांत खरी सही तेवढी एकच होती, माझी.

रोख मागितल्याचे खटकले, म्हणून मी हवालदाराला नांदेडला चौकशीला पाठवले. दुपारी खबर आली. तिथल्या एका झेरॉक्सवाल्याने त्याला सांगितले, "जिल्हादंडाधिकाऱ्याच्या जप्तीच्या जुन्या आदेशावर कर्जदाराचं नाव बदलून घेतलं एकानं. मला लई उशिरा खटकलं."

कर्जे विकत घेणाऱ्या अशा कंपन्यांना सरकारी नियामकाकडे नोंदणी करावी लागते. त्या यादीतून नंबर काढून मी कंपनीला फोन केला. कर्ज त्यांचेच होते, पण त्या माणसाला केव्हाच काढून टाकले होते. तसे त्यांनी लेखीही कळवले.

नांदेडच्या लॉजवरून त्याला आणले. चहा दिला.

"नोटीस किती दिवसांची दिली?"

"सात."

"कायदा साठ म्हणतो."

"ते बँकांना, साहेब. आमच्या कंपनीला न्हाई."

"बँकेला जे बंधन, तेच कंपनीला." मी कंपनीचे लेखी उत्तर पुढे सरकवले.

ते वाचून त्याने कप खाली ठेवला. "नोकरी गेली, साहेब. फाइली डोक्यात होत्या."

पंचनामा करून सील काढले, तेव्हा निम्मा माल काळा पडला होता. बाई चांगले घड बाजूला काढू लागल्या.

"चूक माझी झाली," मी म्हणालो.

"हाव," त्या म्हणाल्या. "जरा त्यो घड धरा."

मी धरला. पुढे खरी कंपनी रीतसर आली, तडजोड झाली. गोदाम वाचले.

कर्जे विकत घेणाऱ्या कंपन्यांसाठी नियम चांगले आहेत, पण ठाण्यात ते कोणी वाचलेच नाहीत, तर भामट्याला आमची वर्दी आयती मिळते. म्हणून पुढे प्रत्येक ठाण्यात जिल्हादंडाधिकारी कार्यालयाला विचारल्याशिवाय मी असा बंदोबस्त दिला नाही. लातूरला एका खऱ्या कंपनीचा अधिकारी चिडला, "दोन तास झाले, मी काय चोर आहे का?"

"नसाल," मी म्हणालो, आणि त्याला दुसरा चहा मागवला.