गोटी सोड्यातले लायपोसोम

शनिवारी दुपारपर्यंत काही दाखवलं नाही तर संशोधनाचा विषय बदलायचा, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. बदलायचा म्हणजे त्यांच्याकडे तयार असलेला विहिरींच्या पाण्यातले क्षार मोजायचा विषय घ्यायचा. अहो, जामनेरपासून धरणगावपर्यंत बादल्या सोडत दोन वर्षं काढायची? नुसत्या विचारानंच माझं डोकं तापायचं.

मला लायपोसोमवर काम करायचं होतं. अंड्याच्या बलकातून लेसिथिन काढून पाण्यात घुसळलं की डोळ्यांना न दिसणारे इवले फुगे होतात. त्यांचा पडदा चरबीचा, दुहेरी, आपल्या पेशीच्या पडद्यासारखाच. मी त्यांच्या पोटात लाल रंग कोंडला होता. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड त्या पडद्यात घुसून तो सैल करतो का, एवढंच पाहायचं होतं. केला, तर रंग बाहेर येणार. पण नव्वदच्या आसपास जळगावातल्या आमच्या कॉलेजात दाबाचं यंत्र कुठून यायचं? ते आम्ही फक्त कॅटलॉगात पाहिलेलं.

आणि एकदम सुचलं: गोटी सोडा! एस.टी. स्टँडमागे एक आबा सोडा भरायचे. यंत्रात बाटली अडकवायची, गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच, सोडायचा, चाक गरागरा फिरवायचं. गॅसच्या दाबानं गोटी तोंडाशी घट्ट बसते. गुरुवारी मी त्या फुग्यांचं पाणी भरलेले दोन फ्लास्क घेऊन त्यांच्याकडे धावले. म्हटलं, "आबा, एका बाटलीत गॅस भरा, दुसरी नुसतीच फिरवा." नुसत्या घुसळण्यानं फुगे फुटतात का, तेही कळायला हवं होतं. मला तास होता, म्हणून तशीच पळाले. दुपारी आबांनी दोन्ही बाटल्यांतलं पाणी फ्लास्कमध्ये ओतून ठेवलं होतं.

ते सेलोफेनच्या पिशव्यांत भरून स्वच्छ पाण्यात टांगलं. फुगे पिशवीबाहेर येत नाहीत, सुटलेला रंग येतो. दोन तासांनी पाहते तर दोन्ही चंचुपात्रांत गुलाबी! एकात गडद, एकात फिकट, पण गुलाबी दोन्हीकडे. म्हणजे फुगे चाकानंच फोडले. मला रडूच कोसळलं.

शुक्रवारी सकाळी मी सगळा राग आबांवर काढला. "तुमच्या चाकानं माझी पार वाट लावली!"

आबांनी चाक थांबवलं. "ताई, गॅस बिगर गोटी बसस का? बठ्ठं पानी सांडी जाई ना! म्हनीसन दुसरीमा बी थोडा दिधा."

थोडा! म्हणजे दुसऱ्या बाटलीतही गॅस होता! थोडा गॅस, थोडा रंग. जास्त गॅस, जास्त रंग. अगं बाई! मी मागितलंही नव्हतं ते आबांनी करून ठेवलं होतं, आणि मी त्यांनाच झापत होते. आधी त्यांची माफी मागितली. मग या वेळी स्वतः चाकापाशी उभी राहिले. गॅसची बाटली पहिल्यासारखीच. बिनगॅसच्या साध्या बाटलीला रबरी बूच लावून वर तार आवळली. गॅसनं पाणी आंबट होतं, सर तेच विचारणार. म्हणून तिसऱ्या बाटलीत गॅसऐवजी लिंबूसत्त्व घातलं, पीएचच्या पट्टीवर तितकंच आंबट दिसेपर्यंत. तिन्ही बाटल्या सारख्याच फिरवल्या. चाक मी फिरवलं, हात भरून आले, पण आबांना हात लावू दिला नाही.

शनिवारी सर आले तेव्हा तिन्ही पात्रं खिडकीत मांडलेली होती. बूचवालं नितळ. लिंबूसत्त्वाचं नितळ. गॅसचं गुलाबी, चांगलं ठसठशीत गुलाबी! सर वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

मग म्हणाले, "विहिरी दुसऱ्या कुणाला तरी देतो."

मी त्यांच्यासमोरच मोठ्यानं हसले, आणि हसता हसता रडायला लागले.