पितरांच्या पाटावर

बाळकृष्णराव दरवर्षी एक दिवस राजगोपाळराव होत. म्हणजे काय, तर तमिळ मुलखातल्या त्या गावी, राजवाड्यामागच्या गल्लीत चंद्रमतीबाईंच्या घरी त्यांच्या नवऱ्याचं, राजगोपाळरावांचं श्राद्ध असे, आणि पितरांच्या पाटावर जेवायला, नात्याचे कुणी नसून, हे बसत. एकोणीस वर्षं! त्या दिवशी घरचा मुलगा त्यांचे पाय धुई, गंध लावी, आणि केळीच्या पानावर राजगोपाळरावांच्या आवडीचं सगळं वाढलं जाई. एरवी या माणसाला ‘जेवलात का?’ म्हणून विचारायला कुत्रंसुद्धा नव्हतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही, शाळेच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसता पुसता निवृत्त झालेले. खानावळीचा डबा यायचा, गार व्हायचा, मग ते खायचे.

अठ्ठ्याण्णव साली श्राद्धाच्या आदल्या दिवशी रघुराम निमंत्रण द्यायला आला. चंद्रमतीबाईंचा मुलगा, अमेरिकेत पेशींवर संशोधन करणारा, पण या तिथीला न चुकता येणारा.

“मामा, बघत राहा. पन्नास वर्षांत म्हातारपण हा बरा होणारा रोग ठरेल. मग माणसानं मरायचंच कशाला?”

“अय्यो! मग श्राद्धं कोण घालणार? माझ्या जेवणावर उठलास की रे!”

“खरं सांगा. मिळालं, तर घ्याल?”

“मला नको बाबा. आमच्या लॅबमधला बेडूक चाळीस वर्षं बरणीत आहे. एक बोट झिजलं नाही त्याचं. पण त्याची विचारपूस करायला कोण जातं? सत्तर झाली, पोदुम. पुरे झालं.”

रघुराम हसला. मग चप्पल घालता घालता त्यानं सांगितलं, घर कॉम्प्युटर क्लासवाल्यांना दिलंय. पोंगल झाला की अम्माला तो घेऊन जाणार. उद्याचं श्राद्ध इथलं शेवटचं.

“बरं केलंस. एकट्या किती दिवस राहणार त्या,” बाळकृष्णराव म्हणाले. तोंडदेखलं हो, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी रघुरामनं पाय धुतले. पानावर कारल्याची भाजी आली, खीर आली, उडदाचे वडे आले. बाळकृष्णराव मुकाट्यानं जेवले. श्राद्धात बोलायचं नसतंच. जेवण झालं की यजमानानं हात जोडून विचारायचं, तृप्त झालात का? आणि पितरानं म्हणायचं, झालो. तेवढा शब्द आला की पितर निघाले, घरचे जेवायला मोकळे.

रघुरामनं विचारलं. बाळकृष्णराव पानाकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं जिभेवर तयार असलेला शब्द! त्यानं पुन्हा विचारलं. भटजी खाकरले. काल एवढ्या ऐटीत पुरे म्हणणारा माणूस, आणि आज त्याला उठायचं नव्हतं. इथून उठलं की आपण कुणाचेच कुणी नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

“मामा?” रघुराम हळूच म्हणाला.

“नाही,” बाळकृष्णराव म्हणाले.

भटजींनी पोथी चाळली. या उत्तराला पुढचा मंत्रच नव्हता!

स्वयंपाकघराच्या दारातून चंद्रमतीबाई बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्या पानापाशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं एक वडा वाढला.

“सावकाश जेवा,” त्या म्हणाल्या. “कुणाला घाई नाही.”

बाळकृष्णरावांनी वडा मोडला, त्याचे होतील तितके बारीक तुकडे केले, आणि एकेक करून खायला लागले.