दातांखालचा मुरूम

पुरणपोळीचं जेवण अंगावर आलंय. दिंडोरीजवळ भास्करराव दवंग्यांच्या मळ्यात, ओसरीवरच्या खाटेवर मी डोळे मिटून पडलोय. चहा झाला की मला सांगायचंय, वाइनची द्राक्षं कुठे लावायची: खालच्या काळ्या रानात, की वरच्या मुरमाड माळावर. माझ्या एकट्याच्या जबाबदारीवरचा हा पहिलाच सल्ला. भास्कररावांचा जीव काळ्या रानात अडकलाय, आणि त्यांची पोळी माझ्या पोटात आहे.

पायाशी खाट कुरकुरते.

"सरक जरा," विद्वांस बाई म्हणतात.

बाई जाऊन दोन पावसाळे झाले. भूगोलाच्या आमच्या बाई. आयुष्यभर द्राक्षांखालची जमीन तपासली, पण वाइनचा थेंब कधी घेतला नाही. माती मात्र बिनदिक्कत तोंडात टाकायच्या.

"तिकडे कसं आहे, बाई?"

"छान आहे. निचरा उत्तम."

मी हसत उठून बसतो, तर खाटेचा कॉलेजातला बाक झालाय. बाई हातोडीने फळ्यातून एक खडा काढतात. फळ्यामागे माती तपासायला खणलेला खड्डा आहे आणि आम्ही दोघं त्यात उभे आहोत. वर आभाळाच्या जागी वाइनची पिंपं ओळीने मांडली आहेत.

"खा," म्हणत त्या माझ्या हातावर चिमूटभर माती ठेवतात. काळी माती टाळ्याला लोण्यासारखी चिकटते. "आता ही." मुरूम दातांखाली करकरतो.

"सांग, वेल कुठे लावशील?"

"काळ्यात भरघोस वाढेल."

"पाला वाढेल. लाडावलेली वेल पाल्यातच रमते. जरा उपाशी राहिली की रस धरते. हे तुला ठाऊक आहे, उगाच टाळतोयस."

"भास्कररावांचं मन मोडेल."

"मोडू दे. पाणचट वाइन निघाल्यावर मोडण्यापेक्षा आज मोडलेलं बरं. पोळी खाल्लीस म्हणून जमीन बदलत नाही."

"तुमची फार आठवण येते, बाई."

"येऊ दे की. पण खड्डे तूच खण."

"साहेब, चहा." भास्करराव कप घेऊन उभे आहेत. मी उठतो, आणि दातांखाली काहीतरी करकरतं.

"खडा लागला काय पुरणात?"

"पुरणात नाही," मी म्हणतो. "भास्करराव, वेली वरच्या माळावर लावायच्या."

त्यांचा चेहरा उतरतो. "मंग काळ्या रानात काय लावू?"

"टोमॅटो."

यावर ते खो खो हसतात. मी चहाचा घोट जपून घेतो. तो मुरमाचा खडा इतक्यात वाहून जायला नको.