पुसदच्या उन्हात लेकरं घेऊन

नवऱ्याची बदली पुसदला झाली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि मुलगी सहाची. आम्ही नाशिकचे. उन्हाळा म्हणजे संध्याकाळी गच्चीवर जायचं आणि आइस्क्रीम खायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. पहिल्या मे महिन्यात मी दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर मुलांना डांबून ठेवलं. आठवड्याभरात दोघं एकमेकांना ओरबाडायला लागली. शेवटी एक दिवस पाच वाजता त्यांना बागेत नेलं. घसरगुंडीवर बसताच मुलाच्या मांड्या भाजल्या, आणि परत येताना मुलीचा घोळणा फुटला. रक्ताने माखलेल्या फ्रॉकमधल्या तिला घेऊन जिना चढत होते, तर समोरच्या दारात ताई उभी.

ताई म्हणजे आमची शेजारीण. सरकारी दवाखान्यात नर्स. माहेर आणि सासर दोन्ही बंजारा तांड्यावरचं. तिच्या दोन्ही मुली तिला त्यांच्या बोलीत 'याडी' म्हणायच्या, म्हणजे आई. तिने माझ्या मुलीला खाली बसवलं, मान पुढे वाकवून नाक चिमटीत धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पाच वाजता कायले नेलं व? इथलं ऊन पाचले जात नाही. जमीन आठपर्यंत तापून राह्यते. लेकराईले बाहेर काढाचं तर सकाळी काढाचं. रैवारी चला माह्यासंगं."

रविवारी पहाटे साडेचारला तिने दार वाजवलं. नवरा कामासाठी यवतमाळला गेला होता. खाली गल्लीतल्या गराजवाल्या चाचांची मोठी ऑटो उभी. त्यात चार पोरं, आम्ही दोघी, पाण्याचे दोन कॅन, ताकाची बाटली, कांदा-भाकरी आणि तिच्या जुन्या सुती साड्यांचं एक गाठोडं. साड्या कशाला, हे मी विचारलं नाही.

धरणाच्या काठी उजाडलं. त्या दोन तासांत माझी मुलं मला पुन्हा भेटली. चिखलात हात घालून शिंपले काढणारी, बगळ्यांमागे धावणारी, भाकरी मागून खाणारी. आठ वाजता ताईने टाळी वाजवली. "चला. आता सूर्य आपला नाही." पोरं कुरकुरली, पण तिने ऐकलं नाही.

अर्ध्या वाटेत ऑटोचं मागचं चाक खडखडायला लागलं. चाचांनी उतरून पाहिलं. "बेअरिंग गया, भाभी. शहरातून आणावं लागते." एका मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून ते गेले. नऊ वाजून गेले होते. मी म्हटलं, "पुसद चार किलोमीटरच तर आहे. चालत जाऊ."

"चार तुले. या लहानीले चाळीस हाये," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती मला 'तू' म्हणाली होती. "निघशील तर अर्ध्या रस्त्यात उचलून घ्या लागंन. अन् तुले कोन उचलंन?"

रस्त्यापासून थोडं आत, विहिरीजवळ आंब्याची पाच-सहा मोठी झाडं होती. तिथे एक म्हातारा राखण करत होता. ताईने लांबूनच हाक दिली, "बाबा, लेकरं बसवू का जी सावलीत?" त्याने बाजेवरून उठून बाज रिकामी करून दिली.

मग गाठोडं सुटलं. विहिरीच्या पाण्यात भिजवलेल्या दोन साड्या तिने वाऱ्याच्या बाजूने झाडांमध्ये बांधल्या. गरम झळ येत होती, ती साडीतून गार होऊन आमच्यापर्यंत पोचायला लागली. अकरा वाजता बाहेर शेत पांढरं दिसत होतं, आणि आम्ही भिजलेल्या सुताच्या वासात बसलो होतो. दर थोड्या वेळाने ती मीठ-साखर घातलेलं पाणी सगळ्यांना घोट घोट पाजायची, तहान लागो न लागो. मी मुलाच्या लाल गालांकडे काळजीने बघत होते. ती म्हणाली, "गाल नको पाहू. लघवीले गेला का ते इचार." तो गेला होता, म्हणजे अंगात पाणी होतं.

तिने पोरांना पोटावर झोपवून मातीतले फनेलसारखे इवले खड्डे दाखवले. मुंगी आत घसरली की तळातून एक किडा वाळू उडवायचा. माझा मुलगा, जो मोबाइलशिवाय दहा मिनिटं बसत नसे, तासभर ते बघत होता. मग चौघंही झोपली.

"हे सगळं दवाखान्यात शिकलीस?" मी विचारलं.

"नाही व. माय-बाप रस्त्याच्या कामावर जायचे. मी आठ वर्साची, अन् दोन भाऊ माह्याजवळ. माय असंच ओलं लुगडं बांधून जाये. सांगे, सुकलं का भिजवजो, लेकरं निजली तरी पाणी पाजजो." ती हसली. "दोघंही धडधाकट हायेत. एक तं फौजेत हाये."

हे सांगताना तिच्या आवाजात कुठेही कीव नव्हती. आठ वर्षांची असताना मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

एक वाजता चाचा आले, चाक बसवलं, आणि म्हणाले, "चलो, हो गया."

"ऑटोचा टप तव्यावानी तापला हाये, चाचा. त्यात लेकरं भाजता का? तुमीही निजा." चाचा निमूटपणे झाडाखाली आडवे झाले. म्हाताऱ्याने पाडाला आलेल्या कैऱ्या आणून दिल्या. सूर्य पार कलल्यावर, साडेसहाला आम्ही निघालो. वाटेत माझ्या मुलीने ताईला विचारलं, "याडी, पुढच्या रविवारी पण गाडी बिघडेल का?"

दोन वर्षांपूर्वी ताईची बदली पांढरकवड्याला झाली. आता आमच्या गल्लीतली तीन-चार घरं माझ्याबरोबर पहाटे निघतात. माझ्याकडून चुका होतात. मागच्या उन्हाळ्यात आभाळ आलं म्हणून मी मुलांना जरा जास्त वेळ थांबवलं, आणि एकाचं डोकं दुखायला लागलं. मी तिला फोन केला. तिने आधी काय पाजायचं ते नीट सांगितलं, मग रागावली, "ढगाले कायले भुलते व? घाम तं येऊनच राह्यते ना!" आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "इकडे ये एकदा. जंगल हाये, नाला हाये. पोराईले घेऊन ये. मी उठवतो चारले."

आम्ही गेलो. तिने खरंच चारला उठवलं.