तेरा-बाराला झालेली बदली

खरं तर हे मी लिहावं की नाही, मलाच कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि व्हॉलीबॉल शिकलो तोही गावातल्या खळ्यावर. कुणाला आगाऊपणा वाटला तर माफ करा.

शिरूरकडच्या आमच्या गावात खेळाडू बदलायला नियमच नव्हता. ज्याला दम लागला तो बसायचा, जो ताजा तो उठायचा. त्याला आम्ही 'उठबस' म्हणायचो. कॉलेजच्या संघात आल्यावर मला याची लाज वाटायला लागली. ग्रंथालयातून नियमांचं पुस्तक आणून मी ते जवळजवळ पाठच केलं. सेट सुरू करणारा खेळाडू बाहेर गेला, तर त्या सेटमध्ये एकदाच परत येऊ शकतो, आणि तेही त्याच्या बदली जो आत गेला त्याच्याच जागी.

दौंडच्या सामन्यातला खेळ बघून आमचे खेळाचे सर आमच्यातल्या दोघांना विद्यापीठाच्या निवड चाचणीला पाठवणार होते. मला जायचंच होतं. इतकं दुसरं काही मला कधी हवंसं वाटलं नव्हतं.

पंधरा गुणांच्या शेवटच्या सेटमध्ये सरांनी मला काढून माझ्याच वर्गातल्या, दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या मुलाला आत घेतलं. आम्ही तेरा-बारा पुढं असताना ते मला म्हणाले, "जा आत. त्या उंच्याच्या जागी." उंच्या म्हणजे आमच्या संघातला सगळ्यात उंच पोरगा.

"सर, पण माझ्या बदली तर तो कॉलनीवाला गेलाय. मला त्याच्याच..."

"तू मला शिकवणार व्हय रे?"

बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, उद्यापासनं तुमचा तास ह्योच घेतोय बघा!" सगळे हसले.

मी आत गेलो. गुणलेखकाच्याही ते लगेच लक्षात आलं नाही. पुढचा गुण आम्हीच घेतला. आता एकच हवा होता. तेवढ्यात गुणलेखकानं पंचांना थांबवलं. पंचांनी आमचा तो गुण कापला, समोरच्यांना एक गुण आणि सर्व्हिस दिली, मला बाहेर काढलं. आम्ही तेरा-पंधरा हरलो.

"गावाकडं चालत असेल तुझी उठबस," सर सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं नाही."

मी "सॉरी सर" म्हणालो. हरण्यापेक्षा ते दोन शब्द मला अजून जास्त टोचतात.

आठ दिवसांनी त्या कॉलनीवाल्याचा फोन आला. तो ऑफिसात निवड चाचणीच्या फॉर्मवर सही करायला गेला होता.

"माझं नाव लागलंय. उंच्याचं पण," तो म्हणाला. "तुझ्या नावापुढं सरांनी शेरा मारलाय रे. नियमांची माहिती नाही, म्हणून."