समुद्राकडे तोंड करून

लातूरहून आम्ही दोघं रत्नागिरीला पोचलो आणि थेट भाट्याचा किनारा गाठला. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. पन्नाशीत पहिल्यांदा समुद्र बघून बायको चपला हातात घेऊन पळतच सुटली. लुंगी खोचून फिरणाऱ्या एका पांढऱ्या दाढीच्या चाचांना मी फोटो काढायला सांगितलं आणि आम्ही लाटांकडे पाठ करून ऐटीत उभे राहिलो.

चाचा मान हलवत स्वतःच गुडघाभर पाण्यात शिरले. "भाभी, इकडे फिरा. जन्मभर बोटीवर होतो मी, समुद्र फोटोत मावायचा नाय. तुम्ही त्याच्याकडे बघा."

तेवढ्यात मोठी लाट आली. चाचांची पाठ भिजली, हातात उंच धरलेला फोन कोरडा राहिला.

घरी आलेले पाहुणे तो फोटो बघून विचारतात, यात समुद्र कुठाय? बायको फोटोतल्या आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवते.